पांढऱ्या दरडीतले राघू

मे महिन्यातल्या सकाळी, ऊन अजून कोवळे असते तेव्हा, पांढऱ्या मातीला एक वास येतो. रिकाम्या रांजणात वाकून पाहिल्यावर येतो तसा, कोरडा आणि तरीही गार. वालूरच्या पश्चिमेला ओढ्याकाठी या मातीची एक दरड उभी आहे; वर हातभर काळी, कापसाची, उन्हाने भेगाळलेली, आणि तिच्याखाली पुरुषभर उंचीची पांढरी, चाळून घेतल्यासारखी बारीक. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मातीचे असे थर दिसले की फळ्यावर आकृती काढायला हात शिवशिवतात. पण त्या उन्हाळ्यात मी तिथे रोज जात होते ती आकृतीसाठी नव्हे. दरडीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, लिंबाएवढी गोल भोके होती, आणि त्या भोकांत वेड्या राघूंची पिल्ले होती.

वेडा राघू म्हणजे चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, शेपटीतून दोन बारीक काड्या बाहेर आलेला, गळ्यात काळी रेघ ल्यालेला पक्षी. तो तारेवर बसतो, हवेत झेपावतो, मधमाशी पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसतो आणि तिला तारेवर आपटून आपटून तिची नांगी निकामी करतो. त्याला वेडा कुणी म्हटले ते ठाऊक नाही. बहुधा त्या एकाच जागी परत परत येण्यावरून म्हटले असावे. त्या हिशेबाने मीही वेडीच होते. सूर्य उगवताना बारवेच्या कडेने निघायचे, नांगरून उघड्या पडलेल्या काळ्या रानातून ढेकळे चुकवत जायचे, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत पाट टाकून बसायचे, समोर तिवईवर कॅमेरा उभा करायचा आणि ऊन असह्य होईपर्यंत एका भोकाकडे बघत राहायचे. शहाण्या माणसाला वेड लागायला फार काही लागत नाही, शाळेला सुट्टी लागली की पुरते.

पण हे सगळे विनोदाने सांगता येते ते आता. खरे म्हणजे त्या उन्हाळ्यात मला घरात थांबवत नव्हते. मार्गशीर्षात आई गेली. लग्न मी केले नव्हते, त्यामागे काही मोठी कथा नाही. राहून गेले इतकेच. मानवतचे आमचे घर भावाने आवरले, आईला मी माझ्याकडे आणले, आणि पुढची कितीतरी वर्षे आम्ही दोघी त्या दोन खोल्यांत एकमेकींच्या खोकल्याचा आवाज ओळखत राहिलो. शेवटी शेवटी तिला उठवत नसे. मी शाळेतून आले, दाराची कडी वाजली, की ती पडल्या जागेवरूनच विचारायची, “आलीस का?” मी म्हणायची, “आले.” दिवसभरात आमच्यात तेवढेच बोलणे झाले असे कितीतरी दिवस होते, आणि मला कधी ते कमी वाटले नाही.

कॅमेराही तिच्याच दुखण्यात घेतलेला. तिला सोडून कुठे जाता येत नसे, म्हणून लांबचे जवळ आणणारी मोठी लेन्स घेतली आणि खिडकीतून समोरच्या कडुलिंबावरच्या साळुंक्या टिपत बसले. मी टिपलेले तिला दाखवायची. ती डोळे बारीक करून बघायची आणि दर वेळी एकच म्हणायची, “चोच बघ कशी मोठी केलीय मेल्याने.” आता टिपलेले दाखवायला कुणी नव्हते. भावाला पाठवले की तो एक अंगठा पाठवतो. त्याचा राग नाही; छत्रपती संभाजीनगरात त्याचा संसार आहे, त्याची धावपळ आहे. पण अंगठ्याला आवाज नसतो. मला एकटे वाटत होते. शाळा सुरू असताना ते पोरांच्या गलक्यात बुडून जायचे, सुट्टीत वर आले.

तर दरड. पहिले कितीतरी दिवस मला पिल्ले दिसलीच नाहीत, फक्त ऐकू आली. आईबाप चोचीत चतुर किंवा फुलपाखरू धरून ओढ्यावरून गेलेल्या विजेच्या तारेवर यायचे, मान इकडेतिकडे वळवून अंदाज घ्यायचे, सुसाट भोकात शिरायचे, आणि मातीच्या पोटातून एक बारीक, थरथरता किलबिलाट उठायचा, जणू घरात कुणी मूठभर घुंगरू सांडले आहेत. मग बाप बाहेर, आई आत. भुयार हातभर खोल असते, अंधारात सगळा कारभार. मी कान लावून असायची. नंतर एका सकाळी भोकाच्या तोंडाशी काहीतरी हलले आणि लेन्समधून बघते तो एक पिल्लू थेट माझ्याकडे पाहत होते. गळ्यातली काळी रेघ अजून उमटली नव्हती, हिरवा रंग फिका, नुकत्या कोंब फुटलेल्या मुगासारखा, आणि डोळ्यांत कमालीचे आश्चर्य. मी शटर दाबायचे विसरले. दाबले तेव्हा तो आवाज ऐकून ते आत पळाले, आणि मी त्या रिकाम्या भोकाचा अत्यंत सुरेख फोटो घेऊन घरी आले.

त्या दिवसापासून मला एकच हवे होते. त्यांतले पहिले पिल्लू भोकातून बाहेर पडून पहिल्यांदा उडेल, तो क्षण मला टिपायचा होता. का, ते विचारले असते तर सांगता आले नसते. कुणी विचारले नाही.

गयाबाई दरडीवर आली ती खोरे, घमेले आणि डोक्यावर चुंबळ घेऊन. गावाच्या या टोकाला तिचे माळवदाचे घर आहे. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत. त्यावर दर वर्षी मृगाच्या आधी नवी पांढरी माती पसरून, तुडवून, उतार धरून बसवावी लागते, नाहीतर घर गळते. अशी घरे आता मोजकीच उरली आहेत, बाकी सगळीकडे पत्रे नाहीतर सिमेंटचा स्लॅब. गयाबाईचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो फोनवर पत्रे टाक म्हणतो, आणि ही त्याला म्हणते, तू ये उन्हाळ्यात पत्र्याखाली निजायला, मग टाकते. तो येत नाही, पत्रेही येत नाहीत. हे सगळे मला पुढे कळले. त्या सकाळी मी फक्त एवढे पाहिले की एक उंच, काटक बाई खोरे उगारून नेमकी माझ्या भोकांपाशी उभी आहे, आणि मी तिवई लवंडत, ओरडत धावले.

“आता गं बया! काय झालं, इंचू चावला का?” ती खोरे तसेच धरून म्हणाली.

मी धापा टाकत पिल्लांचे सांगितले. तिला काही उमगेना. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पिल्लू दाखवले. तिने पदराने हात पुसून कॅमेरा दोन्ही हातांत धरला, प्रसादाची वाटी धरावी तसा, आणि हसायलाच लागली. “येडा राघूच हाय की! आन् कसं बघायलंय बगा, जावयावानी.” मग हसू ओसरले. तिने दरडीकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले. “पर बाई, माती हितलीच लागती. तिकडं समदा मुरूम हाय, पाणी धरत न्हाई. मागल्या साली उशीर झाला तर कणगीवर धार लागली, ज्वारी भिजली. अजून किती दीस?”

मी म्हटले, आठवडाभर, फार तर थोडे जास्त. मला नक्की माहीत नव्हते, पण शिक्षकाला नक्की सांगायची सवय असते. तिने जीभ टाळूला लावून आवाज केला, घमेले उचलले आणि म्हणाली, “बरं. थांबते म्या. पर म्या थांबले म्हून गाव थांबतंय व्हय? माळवद काय माझं एकलीचंच हाय?”

गाव थांबवण्याची तजवीज तिने आपल्या परीने केली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तो दरडीच्या पायथ्याशी, बरोबर भोकांखाली, ओढ्यातला एक गुळगुळीत दगड उभा, त्याला शेंदूर फासलेला, पुढे एक लिंबू. मला क्षणभर काही कळेना. मग सवयीने माझे हात जोडले गेले, आणि जोडलेल्या हातांनीच मला कळले की हे गयाबाईचे काम. आमच्याकडे शेंदूर लागलेल्या दगडाजवळ कुणी खोरे चालवत नाही; बांधाबांधावर म्हसोबा आहेत ते काही सगळेच कुणी मुहूर्ताने बसवलेले नाहीत. कसली पाटी लागली नाही, कुणाला विनंती करावी लागली नाही. मातीसाठी आलेला एक जण बैलगाडी वळवून परत गेला. त्या दिवशी मी गयाबाईच्या हुशारीवर बेहद्द खूश होते.

चूक आम्हा दोघींचीही झाली ती यापुढे. देव बसला की माणसे येणारच, हे तिच्यासारख्या गावात हयात गेलेल्या बाईला सुचू नये आणि मलाही सुचू नये, याचे आजही नवल वाटते. कुणी नारळ फोडून गेले. कुणाची म्हैस दूध देईनाशी झाली होती, ती दुसऱ्या दिवशी द्यायला लागली. मग बायका आल्या, हळदीकुंकू आले, दहीभात आला, दहीभाताला मुंग्या आल्या आणि कुत्री आली. ऊन चढायच्या आत दर्शन घ्यावे म्हणून सगळे माझ्याच वेळेला यायचे. आणि वर तारेवर ते दोघे आईबाप चोचीत माशी धरून बसून असायचे. झेपावायचे, माणसे पाहून हवेतच वळायचे, परत तारेवर. मातीच्या पोटातला किलबिलाट आधी वाढला, मग तासातासाने कमी होत गेला. पिल्ले उपाशी मरणार हे मला लख्ख दिसत होते, आणि मी पाटावर बसून होते.

काय बोलणार? हा देव नव्हे म्हणावे तर गयाबाई तोंडघशी पडणार, शिवाय दुसऱ्या क्षणाला खोरी येणार. देव आहे म्हणावे तर पिल्ले जाणार. तेवढ्यात कुणीतरी उदबत्ती खोचायला जागा शोधली आणि ती सापडली नेमकी भोकात. निळा धूर आत वळताना पाहिला आणि मी उठून ती उपटून काढली. मागून आवाज आला, “बाई, देवाची उदबत्ती काढता व्हय? शाळंत हेच शिकवता का?” मी वळून पाहिले. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, परक्याकडे बघतात तसे. मानवत इथून काही फार लांब नाही. इतकी वर्षे त्यांची पोरे मी शिकवली. पण त्या नजरांपुढे, हातात अर्धी जळलेली उदबत्ती घेऊन उभी असताना, मला लख्खपणे वाटले की या गावात आपले कुणी नाही. आईला जाऊन इतके दिवस झाले होते, रडू मात्र मला त्या दिवशी आले, तेही बाभळीकडे तोंड करून.

दुपारी मी पहिल्यांदाच गयाबाईच्या घरी गेले. आत अंधार होता, गार अंधार, पांढऱ्या मातीचाच वास. तिने तांब्या पुढे केला, माझे सगळे ऐकून घेतले, आणि एकदा वर तुळयांकडे पाहिले. “उपाशी हायत म्हणता?” एवढेच तिने विचारले. मी मान डोलावली. ती म्हणाली, “जावा घरला. डोळं धुवा आदी.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच गावभर झाले होते की म्हसोबा गयाबाईच्या स्वप्नात आला. म्हणाला, मला उन्हात बसवलंय, डोकं तापायलंय, मला ओढ्यापलीकडच्या लिंबाखाली न्या. आन् हितं कुणी थांबू नका, हितून माझी जायची वाट हाय. मी पोचले तेव्हा हलगी वाजत होती. गयाबाई मध्यभागी, कपाळभर कुंकू, पदर खोचलेला, असा तिचा अवतार मी कधी पाहिला नव्हता. मी तिच्या कानाशी लागून विचारले, खरेच स्वप्न पडले का. तिने माझ्याकडे असे पाहिले की मीच शरमले. “सपन बी खोटं असतंय व्हय, बाई?” म्हणाली, आणि आरतीचे ताट माझ्या हातात दिले. “धरा. वाऱ्यानं इझू देऊ नका.” कॅमेरा तिवईवर तसाच बाभळीखाली राहिला.

दगड उचलला गेला. हलगी पुढे निघाली, माणसे मागे, धूळ त्यांच्या मागे. मी सगळ्यांत शेवटी होते, निरांजनाला तळहाताचा आडोसा धरून, त्यामुळे हळू. हलगी ओढ्यात उतरली तसा आवाज बसत गेला आणि दरडीपाशी एक मोकळी, स्वच्छ शांतता उरली. तारेवरून एक राघू सरळ भोकात गेला. आतून किलबिलाट उठला. क्षीण, पण उठला. बाप बाहेर आला, आणि त्याच्या पाठोपाठ भोकाच्या तोंडाशी ते फिकट हिरवे डोके आले. त्याने आभाळाकडे पाहिले. खाली पाहिले. मग काही विचार न करता, पडल्यासारखे, ते बाहेर आले, पंख उघडले, अर्धे खाली गेले, आणि कसेबसे, वेडेवाकडे, बाभळीच्या फांदीपर्यंत पोचले. तिथे माझा कॅमेरा उभा होता, रिकाम्या भोकाकडे डोळा लावून. पिल्लू त्याच्या वर हातभर अंतरावर बसून थरथरत होते. माझ्या हातात ताट होते. ज्या क्षणासाठी इतके दिवस उन्हात बसले तो मी पाहिला, आणि टिपला मात्र नाही. निरांजन विझले नव्हते, ही गोष्ट वेगळी. मी ते घेऊन लिंबाखाली गेले आणि सगळ्यांबरोबर आरती म्हटली.

पुढचे दिवस मी पुष्कळ फोटो काढले. सगळी पिल्ले बाहेर आली आणि तारेवर एकमेकांना खेटून, रात्री निजावीत तशी दिवसाही, रांगेत बसू लागली. बाप माशी आणायचा आणि सगळ्या चोची एकदम उघडायच्या. एक पिल्लू नेहमी कडेला बसायचे आणि त्याच्या वाट्याला घास उशिरा यायचा. का कुणास ठाऊक, माझे अर्धे फोटो त्याचेच आहेत. पहिल्या उड्डाणाचा मात्र एकही नाही. चोच बघ कशी मोठी केलीय, असे मी एकदा स्वतःशीच मोठ्याने म्हणाले आणि दचकून आजूबाजूला पाहिले. मग हळूहळू ती तार सोडून दूर जाऊ लागली, आणि एका सकाळी दरड नुसती दरड होती.

मी गयाबाईला जाऊन सांगितले, की आता खणा. आभाळात ढग दिसायला लागले होते, तिचा जीव वरखाली होत होता, पण तिने मला एकदाही घाई केली नव्हती. तिने खणले, मी घमेली वाहिली, चार खेपांत कंबर धरली तेव्हा ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बाई. वर चढा, पसरू लागा.” म्हणून मी शिडीने माळवदावर गेले. माती पसरायची, ढेकूळ फोडायचे, पाणी शिंपडून पायाने बसवायचे. वारा होता. वालूरची घरे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला काळी राने, ओढा, दरड, आणि तिच्या समोर ती एकटी बाभूळ. तिच्याखाली माझा पाट अजून पडलेला होता; मी आणायला विसरले होते. इतक्या उघड्या रानात तो एवढासा दिसत होता की मी काम सोडून बघत उभी राहिले.

गयाबाई मान वर न करता माती तुडवत होती. “हितून दिसायच्या तुमी रोज,” ती म्हणाली. “एवढुशा. म्या सकाळचं धुणं वाळत घालायला वर यायची, आन् मनात म्हणायची, आल्या बाई. मग ऊन वर आलं की, गेल्या बाई. एक दीस उशीर झाला तुमाला तर माझं चित्तच लागंना.”

मी पक्ष्यांकडे बघत होते त्या सबंध महिन्यात कुणीतरी माझ्याकडे बघत होते, मोजत नव्हते, टिपत नव्हते, नुसते आली का पाहत होते. ती माती तुडवत राहिली, मी पाणी शिंपडत राहिले, आणि उतार धरत धरत आम्ही काठापर्यंत आलो.

संध्याकाळी पाट काखेत घेऊन मी घरी आले. हाताची माती वाळून पांढरी झाली होती. दाराची कडी वाजली आणि आत नेहमीसारखे कुणी काही विचारले नाही. मी उंबऱ्यात थांबले, वळले. इथून गयाबाईचे माळवद दिसते का, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिले नव्हते. दिसते. लिंबाच्या फांद्यांमधून थोडेसे, एक कोपरा. त्या कोपऱ्यावर कुणीतरी उभे होते. ते आभाळाकडे बघत होते, नव्या मातीकडे की इकडे, हे एवढ्या लांबून, लेन्सशिवाय, मला कळले नाही. कॅमेरा काढावा असे मनात आले, पण काढला नाही. दारातच उभी राहून, तिथवर पोचणार नाही इतक्या हळू, मी म्हणाले, “आले.”